यंदा कोणता गडी घ्यायचा?

अमेरिकेच्या उत्तर भागात विस्कॉन्सिन नावाचे एक राज्य आहे. दूध आणि चीज यांसाठी ते साऱ्या देशात प्रसिद्ध. इतके की, तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवरही ‘अमेरिकेचा दुधाचा मुलूख’ अशा अर्थाचे शब्द असतात. या राज्यात मिशिगन सरोवराच्या एका फाट्यावर ग्रीन बे हे गाव वसले आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्या बार्शीपेक्षा जरा लहानच. पण या गावाचा स्वतःचा फुटबॉलचा संघ आहे आणि तो न्यूयॉर्क, शिकागो अशा महानगरांच्या संघांशी बरोबरीने झुंजतो. नुसता झुंजतो असे नाही, तर आजवर सर्वात जास्त, म्हणजे 13 अजिंक्यपदे याच गावाच्या नावावर आहेत.

एप्रिल महिना आला की या गावात एकच वाद पेटतो. यंदा कोणता गडी घ्यायचा? न्हाव्याच्या दुकानात, चहा-कॉफीच्या टेबलावर, चर्चमधून बाहेर पडताना, बाप-लेकांत, नवरा-बायकोत तोच विषय. कोणी म्हणतो, आपल्याकडे चेंडू झेलणारा नाही. कोणी म्हणतो, आधी बचावाची फळी भरा, मग बाकीचे बघू. पोरेटोरेसुद्धा कागदावर नावे लिहून आपापली यादी करतात. आपल्या पारावर पाऊसपाण्याचा आणि भावाचा वाद जितक्या पोटतिडकीने चालतो, तितक्याच पोटतिडकीने तिथे हा चालतो. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण शेतकऱ्याला त्यातला पेच लगेच कळेल.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपण कोल्हापुरात किंवा गोव्यात पाहतो तो नव्हे. यात चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्हीकडे 11 गडी. चेंडू घेऊन समोरच्या हद्दीत घुसायचे, आणि चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. नाही सरकले तर चेंडू दुसऱ्याचा. कबड्डीत जो चढाई करतो तोच पकडीलाही उभा राहतो. इथे तसे नाही. चढाईचे 11 वेगळे, बचावाचे 11 वेगळे. त्यातही प्रत्येकाचे काम ठरलेले. चेंडू फेकणारा म्होरक्या, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्या पुढ्यात भिंतीसारखे उभे राहणारे पाच धिप्पाड गडी, चेंडू घेऊन घुसणारा एक, आणि वाऱ्यासारखे पळत जाऊन लांबचा चेंडू झेलणारे काही, त्यांना रिसीव्हर म्हणतात. हंगामात संघाच्या पटावर 53 जण असतात. यातला एक म्हातारा झाला, एकाचा गुडघा गेला, एक जादा पैसे मागून दुसरीकडे गेला, की पटात भोक पडते. ही भोके कशी बुजवायची, यावर वाद.

आता हा संघ कोणाचा ते ऐका. 1919 साली कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने जॉर्ज कॅल्हून या बातमीदाराच्या साथीने तो उभा केला. लॅम्बो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता तिने पोशाखाला पैसे दिले, म्हणून संघाचे नाव पॅकर्स, म्हणजे डबे भरणारे. कंपनी गेली, नाव राहिले. 1923 साली संघ बुडायला आला तेव्हा गावकऱ्यांनीच पाच-पाच डॉलरचे भाग घेऊन तो वाचवला. तेव्हापासून आजतागायत त्याला एक धनी नाही. पाच लाखांवर भागधारक आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाहीत, आणि दोन लाखांपेक्षा जास्त भाग कोणा एकाच्या नावावर होऊ शकत नाहीत. 2021 साली नवे भाग निघाले तेव्हा एकेकाची किंमत 300 डॉलर होती. पदरात काय, तर एक कागद आणि वार्षिक सभेला बसायचा हक्क. तरी माणसे घेतात. नियमातच लिहून ठेवले आहे की, संघ कधी विकला गेलाच तर सारा पैसा धर्मादाय कामाला जाईल. म्हणजे विकण्यात कोणाचाच फायदा नाही, मग विकणार कोण? आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या कर्त्यांनी हे कलम एकदा वाचून पाहावे.

मैदानाची गोष्ट तर न्यारीच. 81 हजारांवर माणसे मावतात, म्हणजे जवळजवळ सारे गाव बसेल. 1960 पासून हंगामी तिकिटे एकदाही शिल्लक राहिलेली नाहीत. लाखावर नावे प्रतीक्षा यादीत आहेत, आणि तिकिटे घरात बापाकडून लेकराकडे जातात. हिवाळ्यात मैदानात बर्फ साचला की संघ गावाला हाक देतो. माणसे फावडी घेऊन येतात आणि ताशी मजुरी घेऊन बर्फ उपसतात. उन्हाळी सरावाच्या दिवसांत गावातली पोरे आपल्या सायकली घेऊन उभी असतात. सहा-साडेसहा फुटी खेळाडू त्या इवल्या सायकलींवर बसून मैदानाकडे जातात आणि सायकलीचा मालक शेजारून धावत असतो.

पण गावाचे प्रेम कितीही असले, तरी पैशाच्या बाजारात लाख वस्तीचे गाव न्यूयॉर्कपुढे टिकेल कसे? 1920 च्या सुमाराला अशी कितीतरी लहान गावे या सामन्यांत होती. एकेक करून सारी गेली, ग्रीन बे तेवढे उरले. याला गावकऱ्यांची जिद्द कारण आहेच. पण नियमही कारण आहेत, आणि त्यांतला एक मोठा नियम म्हणजे ड्राफ्ट. आपल्याकडे क्रिकेटच्या आयपीएलमध्ये किंवा प्रो कबड्डीत खेळाडूंचा लिलाव होतो, जास्त बोली त्याचा गडी. अमेरिकी फुटबॉलमध्ये नवे खेळाडू लिलावाने जात नाहीत, पाळीने जातात. गेल्या हंगामात जो संघ सर्वात तळाला होता त्याने पहिली निवड करायची, आणि अजिंक्य संघाने शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. 32 संघ मिळून तीन दिवसांत अडीचशेवर तरुण निवडतात.

ही युक्ती काढली फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी. त्यांचा संघ सारखा हरत असे आणि चांगली पोरे पैसेवाल्या संघांकडे पळत. 1935 साली त्यांनी ही सूचना मांडली, 1936 च्या फेब्रुवारीत पहिली निवड झाली, आणि तळाचे म्हणून पहिली पाळी बेल यांचीच आली. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर हा गाजलेला खेळाडू घेतला. मौज अशी की बर्वांगर या सामन्यांत एकदाही खेळला नाही. पैशाचे जमले नाही आणि तो सरळ दुसऱ्या धंद्याला लागला. मला हा माणूस आवडतो. कारण या पद्धतीत गावाचे भले आहे खरे, पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला कोणी विचारत नाही की बाबा, तुला कुठे जायचे आहे. ज्याने नाव पुकारले त्याच्या दावणीला जायचे.

पुढे आणखी दोन नियम जोडले गेले. 1960 च्या दशकापासून देशभरच्या दूरचित्रवाणीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटतात. आणि 1994 पासून प्रत्येक संघाने वर्षाला पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा ठरते. त्यामुळे निवडीचे मोल अधिकच वाढले. नव्या मुलाचा चार वर्षांचा पगार तो कितवा निवडला गेला त्यावरून जवळपास ठरलेला असतो, आणि नावाजलेल्या खेळाडूच्या मानाने तो फारच कमी. म्हणजे बी चांगले निघाले तर चार वर्षे स्वस्तात पीक. वाईट निघाले तर पैशापेक्षा पाळी वाया गेल्याचे दुःख मोठे.

आता मूळ वादाकडे येऊ. तुम्ही बैलबाजारात गेला आहात. घरच्या जोडीतला डावा बैल थकला आहे, म्हणून तुम्हाला डावीकडचाच बैल हवा आहे. बाजारात डाव्या अंगाला चालणारे जे आहेत ते बेताचेच. पण एका खुंट्याला एक देखणा, तरणा, उजव्या अंगाचा खोंड बांधला आहे. असा खोंड दहा वर्षांत एकदा दिसतो. काय कराल? ग्रीन बेमध्ये याच प्रश्नावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जिथे भोक आहे तिथेच ठिगळ लावा. दुसरा म्हणतो, पाळी आली की समोर जो सर्वात उत्तम असेल तो घ्या, गरज आज एक असते नि उद्या दुसरी. दोन्ही तटांकडे पुरावे आहेत, म्हणून तर वाद मिटत नाही.

दुसऱ्या तटाचा आवडता दाखला 1958 चा. त्या वर्षीच्या निवडीत पॅकर्सनी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत अनुक्रमे जिम टेलर, रे निच्की आणि जेरी क्रेमर असे तिघे घेतले. पारख जॅक व्हायनिसी नावाच्या तरुण माणसाची. हंगाम कसा गेला? 12 सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, दहा पराभव. गावाच्या इतिहासातले सर्वात वाईट वर्ष. पुढच्या वर्षी व्हिन्स लोम्बार्डी हे प्रशिक्षक आले, आणि 1961 ते 1967 या सात वर्षांत त्याच पोरांना घेऊन संघाने पाच अजिंक्यपदे मिळवली. त्या चमूचा म्होरक्या बार्ट स्टार याला तर 1956 साली सतराव्या फेरीत घेतले होते, एकूण निवडीत 200 वा! तिघेही आणि स्टारही आज या खेळाच्या सन्मानमंदिरात आहेत. व्हायनिसी मात्र 1960 सालीच, अवघ्या 33 व्या वर्षी वारले. पेरणाऱ्याला पीक पाहायला मिळाले नाही.

उलट दाखला 1989 चा, आणि तो आठवला की जुने गावकरी अजून कपाळावर हात मारतात. पॅकर्सची पाळी दुसरी होती. त्यांनी टोनी मँडरिच हा भिंतीचा गडी घेतला. वजन तीनशे पौंडांच्या घरात, तरी हरणासारखा धावणारा. एका मोठ्या क्रीडासाप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर छापले होते. आणि त्याच्या मागून लगेच तिसरा, चौथा, पाचवा कोण गेले? बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स. तिघेही पुढे सन्मानमंदिरात बसले. पहिला गेलेला ट्रॉय एकमनसुद्धा. पहिल्या पाचांत नापास झाला तो एकटा ग्रीन बेचा. मँडरिच तीन हंगामांत संपला. महाविद्यालयात असताना आपण ताकदीची औषधे घेत होतो, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. निवडीआधी हे लोक पोरांची उंची, वजन, पळण्याचा वेग, उडी, गुडघे, खांदे सारे तपासतात, आपण दात आणि खूर पाहतो तसे. पण पेंड चारून चकाकी आणलेला बैल आणि खरा कसदार बैल यांतला फरक बाजाराच्या दिवशी कळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सर्वात मोठा वाद पेटला तो 2020 साली. त्याची पार्श्वभूमी 2005 पासून सुरू होते. तेव्हा संघाचा म्होरक्या होता ब्रेट फार्व्ह, गावाचा लाडका. त्याचे वय 35 झाले होते, पण तो अजून जोमात होता. त्या वर्षी कॅलिफोर्नियाचा ॲरन रॉजर्स हा मुलगा पहिलाच निवडला जाईल अशी बोलवा होती. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला सोडून दुसऱ्याला घेतले, आणि मग एकेक संघ त्याला वगळत गेला. साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत तो पोरगा चार तासांहून अधिक वेळ नुसता बसून होता. 24 व्या पाळीला ग्रीन बेने त्याचे नाव पुकारले. गरज नव्हती, पण समोर उत्तम दिसला म्हणून घेतला. तीन वर्षे तो बाकावर बसला. 2008 साली फार्व्हने निवृत्ती जाहीर केली, मग मन बदलले, आणि शेवटी संघाने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकले. गाव दुभंगले. पण फेब्रुवारी 2011 मध्ये याच रॉजर्सने अजिंक्यपद आणले आणि तोंडे बंद झाली.

नऊ वर्षांनी रॉजर्स स्वतः 36 चा झाला. जानेवारी 2020 मध्ये संघ अंतिम सामन्याच्या दारापर्यंत गेला आणि तिथे सॅन फ्रान्सिस्कोने त्याला 37–20 असे हरवले. त्या दिवशी समोरचा एकच गडी चेंडू घेऊन 220 यार्ड धावला. आपली बचावफळी नुसती बघत राहिली. म्हणजे भोके दोन, तीही उघडी. एक, धावणाऱ्याला अडवणारी फळी. दोन, रॉजर्सचे चेंडू झेलणारा दुसरा दमदार रिसीव्हर. पहिल्या फेरीत या संघाने 2002 नंतर एकही रिसीव्हर घेतलेला नव्हता, हा जुना सल होताच. त्या वर्षी बाजारात रिसीव्हर भरपूर होते. साथीचे दिवस, माणसे घरात कोंडलेली, आणि निवड दूरचित्रवाणीवर चाललेली. ग्रीन बेचे व्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी 30 वी पाळी होती ती आणखी एक चौथ्या फेरीची पाळी देऊन 26 वर आणली. आता घेतोच रिसीव्हर, असे सगळ्यांना वाटले. त्यांनी घेतला जॉर्डन लव्ह. तोही क्वार्टरबॅक!

घरचा बैल अजून नांगर ओढतो आहे, मोट ओढतो आहे, आणि मालकाने जोडीदार आणायचा तो सोडून त्याच्याच जागेवर बसणारा खोंड आणून दावणीला बांधला. त्या साऱ्या निवडीत एकही रिसीव्हर घेतला नाही. लोक भडकले. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. अजिंक्यपद एका पावलावर आहे, म्होरक्याची दोन-तीन वर्षे उरली आहेत. आज मदत करायची की त्याच्या मरणाची तयारी? दुसरी बाजू म्हणे, 2005 विसरलात का? शिवाय रिसीव्हर पहिल्या फेरीतच मिळतात असे कोणी सांगितले? ग्रेग जेनिंग्स, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, डेव्हान्टे ॲडम्स, या गावाचे नावाजलेले रिसीव्हर सारे दुसऱ्या फेरीतले.

आणि झाले असे की दोघेही खरे ठरले. चिडलेला रॉजर्स 2020 आणि 2021 अशी दोन्ही वर्षे साऱ्या सामन्यांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण जानेवारी 2021 मध्ये संघ पुन्हा त्याच दारात 31–26 असा हरला. पाच गुणांचा फरक. एक चांगला झेलणारा असता तर? हा प्रश्न ग्रीन बेमध्ये अजून विचारतात. 2023 साली रॉजर्सही न्यूयॉर्कच्याच संघाकडे गेला. तीन वर्षे बाकावर बसलेला लव्ह उभा राहिला, पहिल्याच हंगामात त्याने संघाला बाद फेरीत नेले आणि डॅलसला त्यांच्याच मैदानात 48 गुण लावले. 2024 साली संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, 22 कोटी डॉलरचा करार वाढवला. 1992 पासून तीस वर्षांहून अधिक काळ फार्व्ह, रॉजर्स आणि लव्ह असे तीनच मुख्य म्होरके या संघाला लागले. दुसरी गावे याच काळात दर दोन-तीन वर्षांनी नवा शोधत बसली. माझे मत विचाराल तर, 2020 चा खोंड घेणे योग्यच होते. पण त्याच बाजारातून दुसऱ्या फेरीत एक झेलणारा आणला असता तर गावाची झोप उडाली नसती. दुसऱ्या फेरीतही चेंडू घेऊन घुसणाराच घेतला, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

एप्रिल 2025 मध्ये निवडीचा हा सोहळा प्रथमच ग्रीन बेमध्ये भरला. लाख वस्तीच्या गावात तीन दिवसांत मिळून सहा लाखांची हजेरी लागली. डोक्यावर चीजच्या फोडीच्या आकाराच्या पिवळ्या टोप्या. शेजारच्या राज्यातले लोक ‘चीजची डोकी’ म्हणून हिणवत असत, तेच यांनी अभिमानाने डोक्यावर चढवले आहे. 23 वी पाळी आली. निवृत्तीला आलेले अध्यक्ष मार्क मर्फी नाव सांगायला स्वतः पुढे आले. टेक्सासचा मॅथ्यू गोल्डन. रिसीव्हर! तब्बल 23 वर्षांनी पहिल्या फेरीत रिसीव्हर. लोकांनी आभाळ डोक्यावर घेतले.

हा आनंद ओसरतो न ओसरतो तोच, ऑगस्ट 2025 मध्ये संघाने दुसराच सौदा केला. डॅलसचा मायका पार्सन्स, म्होरक्यावर तुटून पडणारा देशातला अव्वल गडी, त्याला आणला. बदल्यात काय दिले? बचावाच्या मधल्या फळीचा जुना आधार केनी क्लार्क, आणि 2026 व 2027 या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या. म्हणजे दोन वर्षांचे बियाणे एका तयार बैलावर लावले. डिसेंबरात पार्सन्सच्या गुडघ्याचा बंध तुटला.

न्हाव्याच्या दुकानात पुन्हा दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, बैल उत्तमच आहे, गुडघा बरा होईल, तो काही म्हातारा नाही. दुसरा विचारतो, क्लार्कच्या जागी मधे कोण उभा राहणार, आणि आणायचा तर कशाच्या जोरावर? मधे नवा सौदा झाला नाही, तर 2028 च्या एप्रिलपर्यंत पहिल्या रात्री ग्रीन बेला दुसऱ्यांचीच खरेदी बघत बसायचे आहे. तोवर दुसऱ्या फेरीच्या याद्या पोरांनी कागदावर उतरवायला घेतल्या आहेत.